भूकमळ आणि माग

निसर्गाचा आनंद आणि मानवनिर्मित कलेचा आनंद यांचा ख्रिस्ती जीवनात मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा प्रमाणाचा प्रश्न म्हणून विचारला जातो. डोंगर, समुद्र, फुले ही देवाची कृती; म्हणून त्यांचा आनंद निर्धोक. नाटक, चित्र, कादंबरी, संगीत ही माणसाची कृती; म्हणून तेथे सांभाळून असावे. पहिल्याला मोकळीक, दुसऱ्याला लगाम, अशी ही वाटणी प्रवचनांतून आणि त्याहूनही अधिक घरगुती शिकवणुकीतून गृहीत धरलेली असते. प्रस्तुत लेखात या वाटणीचीच तपासणी करावयाची आहे, आणि त्यासाठी भिवंडी हे गाव सोयीचे आहे. तेथे ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. पण ज्या वचनावर ही वाटणी उभी आहे ते वचन भिवंडीत वाचले की त्याचा अर्थ जागचा हलतो.

ते वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले. रानातल्या फुलांकडे पाहा, ती राबत नाहीत, सूत काढीत नाहीत, तरी शलमोन राजाचा सारा थाट त्यांच्या पोशाखापुढे फिका, असा त्याचा आशय. मराठी बायबलाने या फुलाला ‘भूकमळ’ म्हटले. शब्द सुबक आहे, पण कोणत्याही माळिणीच्या पाटीत ‘भूकमळ’ नसते. मूळ संदर्भात बहुधा पॅलेस्टाईनच्या माळावर आपोआप उगवणारी साधी रानफुले अभिप्रेत असावीत. भाषांतरात ती ग्रंथस्थ झाली. जेथे वाचकाला घराबाहेर पाहायला सांगितले आहे, नेमके तेथेच त्याला शब्दकोशात पाहावे लागते. मराठी ख्रिस्ती निसर्गप्रेमात पुढे जो एक पुस्तकी गोडवा आला, त्याचा उगम शोधणाऱ्याने या शब्दापाशी थोडे थांबावे.

आता हेच वचन भिवंडीत वाचून पाहावे. २०११च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर विणण्यावर जगते. हातमागावरून ते यंत्रमागावर आले. अलीकडे आजूबाजूच्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली, तरी गल्लीबोळांतला धोट्याचा खडखडाट हीच त्याची ओळख राहिली आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, बारा-बारा तासांची पाळी करतो, आणि निघालेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेतो. हे कापड कोरे असते. रंग, छपाई, शिलाई पुढे दुसरीकडे होते. म्हणजे ज्याला आपण वस्त्राचे सौंदर्य म्हणतो ते विणणाऱ्याच्या डोळ्यांना दिसण्यापूर्वीच कापड गावाबाहेर जाते. अशा माणसापुढे ‘फुले सूत काढीत नाहीत’ हे वाक्य ठेवले तर त्याने ते कसे ऐकावे? तुझ्या हाताच्या कामापेक्षा गवताचे फूल श्रेष्ठ, असे? तसे असेल तर हे वचन श्रमणाऱ्याचा अपमान करणारे ठरते, आणि आपली रूढ वाटणी त्या अपमानावर उभी आहे असे म्हणावे लागते.

पण संदर्भ पाहिला तर वचनाचा रोख कलाकुसरीवर नाही, चिंतेवर आहे. काय नेसावे या काळजीने ज्यांचा जीव कोंडला आहे अशा गरीब श्रोत्यांशी ते बोलणे आहे. तुलनेसाठी शलमोनाचे वस्त्र घेतले ते तुच्छ म्हणून नव्हे. माणसाच्या हातून निघालेले जे अत्युत्तम, तेच मापाला घेतले आहे.

‘निर्गम’ या पुस्तकातल्या एकतिसाव्या अध्यायापासून पस्तिसाव्यापर्यंतचा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बायबलातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मला वाटते. आणि आपल्याकडच्या चर्चेत तो क्वचितच येतो. एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की बसालेल नावाच्या कारागिराला मी माझ्या आत्म्याने भरले आहे. हे भरणे भविष्यकथनासाठी नाही. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांच्या कामासाठी आहे. पस्तिसाव्या अध्यायात या कौशल्यांत कशिदा काढणे आणि विणणे यांचाही स्पष्ट उल्लेख येतो, आणि ज्या निपुण स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून निवासमंडपासाठी आणले त्यांची गौरवाने नोंद होते. फूल कातत नाही हे एका ठिकाणी आणि कातणाऱ्या बायका दुसऱ्या ठिकाणी, दोन्ही एकाच ग्रंथात उभ्या आहेत. ग्रंथाला त्यांत विरोध वाटलेला नाही. तो आपल्याला वाटतो.

या दोन अध्यायांच्या मध्ये, बत्तिसाव्यात, सोन्याचे वासरू येते. त्यासाठी अहरोनाने लोकांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागून घेतली, आणि पुढे निवासमंडपासाठी लोकांनी जे स्वखुशीने आणले त्यांतही कानातली कुंडले आहेत. धातू तोच, दागिना तोच, घडवणारे हातही त्याच समाजाचे. एका कृतीत मूर्तिपूजा आणि दुसरीत उपासना. तेव्हा धोका कलावस्तूच्या द्रव्यात नाही, मानवनिर्मित असण्यातही नाही. वस्तू एका संबंधातून दुसऱ्या संबंधात कशी जाते हे पाहायला आपल्याला सिनायपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १७३९मध्ये वसई पडल्यावर तेथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानली जाते. त्याच मोहिमेच्या यशासाठी चिमाजी अप्पांनी नवस केला त्या वज्रेश्वरीचे देऊळ आज भिवंडी तालुक्यात आहे. ओतीव धातूचा नाद तोच राहिला. त्याने कोणाला हाक द्यावी हे मात्र बदलले.

मग निसर्ग तरी अपवाद का असावा? निसर्गाचा आनंदही माणसाला स्वतःत गुंडाळून ठेवू शकतो. संत ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात माणसांबद्दल हीच तक्रार केली आहे, की पर्वतांची उंची आणि समुद्राच्या लाटा पाहायला ते दूरवर जातात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात. त्याच भागात पुढे तो उपासनेतील गायनाविषयीही साशंक होतो; शब्दांपेक्षा सुरांनीच आपण अधिक हललो तर ते पाप, असे त्याला वाटते, आणि तरी गायन बंद करावे असे तो म्हणत नाही. निसर्ग आणि कला दोन्हींना त्याने एकच कसोटी लावली. जेझुइट कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. संन्यासमार्ग पत्करताना १८६८मध्ये त्याने आपल्या कविता जाळल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर काही महिन्यांनी, १८६९च्या पूर्वार्धात, त्याने डोळ्यांवर बंधन घालणारे प्रायश्चित्तही पाळले. त्या काळात त्याने भोवतालचा निसर्ग पाहणे जवळजवळ सोडले, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. पानाफुलांची सूक्ष्म निरीक्षणे वहीत टिपणाऱ्या या माणसाला कळले होते, की पाहण्याची हावही हावच असते. कवितेकडे तो १८७५मध्ये परतला, तेव्हा पाहणे आणि रचणे या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी उरल्या नव्हत्या.

मराठीत या प्रश्नाची तीन उत्तरे तीन व्यक्तींच्या रूपाने उभी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि १६१६मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जुनी पुराणे ज्यांच्यापासून तोडली गेली होती त्या नवख्रिस्ती लोकांच्या रिकाम्या कानांसाठी ही सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना होती. तिच्या आरंभी मराठीची जी थोरवी गायिली आहे ती मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशा निसर्गोपमांतून. एक परदेशी धर्मोपदेशक माणसाने घडवलेल्या भाषेला सृष्टीतल्या सुंदर वस्तूंच्या रांगेत बसवतो आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. पंडिता रमाबाईंची वाट उलटी होती. ज्या संस्कृत पांडित्यासाठी १८७८मध्ये कलकत्त्यास त्यांचा ‘सरस्वती’ म्हणून सन्मान झाला, त्याच पांडित्याचा अलंकार त्यांनी आपल्या बायबल-भाषांतरातून निश्चयाने वगळला. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या अनाथ, अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी निरलंकार मराठी त्यांना हवी होती. याला सौंदर्यविन्मुखता म्हणणे सोपे आहे. मला तो न्याय वाटत नाही. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याने दुसऱ्यासाठी ते खाली ठेवणे हाही कलेशी असलेला एक संबंध आहे, आणि तो सर्वांना जमण्यासारखा नाही.

तिसरे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला मराठी वाचकाने फुलामुलांचा कवी म्हटले. या विशेषणाने त्यांचे कौतुक झाले तसे नुकसानही झाले. कारण त्यामुळे टिळकांचा निसर्ग बागेतला आणि निरुपद्रवी ठरला. वास्तविक ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत कवी आणि फूल यांचा जो संवाद आहे तो वर्णनाचा नव्हे, वादाचा आहे. लोकांपासून दूर राहून सुंदर असणे पुरेसे आहे काय, हा त्यातला प्रश्न. हाच प्रश्न त्यांनी कलेलाही विचारला. परकीय चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या उपासनेत त्यांनी अभंग आणली, पदे आणली, भजन-कीर्तन आणले. ‘उपासना संगीत’ उघडून पाहणाऱ्याला त्यांची किती गीते आजही गायिली जातात हे दिसेल. तुकारामाच्या कवितेचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे राहत असत. ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले ते १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, म्हणजे औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वनस्पतिशास्त्रज्ञ! फुलाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा एका मांडवात जमल्याचा हा योग. पण टिळकांच्या घराचे खरे कलाधन नंतर प्रकट झाले, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त. भक्तीचा आव नाही, निसर्गवर्णनाचा सोस नाही. स्वयंपाकघर, प्रवास, भांडणे, प्लेगचे दिवस, आणि या सगळ्यांतून हसत जाणारी एक बाई. नवऱ्याच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे उरलेले अध्यायही तिनेच रचले, हे आपण त्या मानाने विसरलो आहोत.

या तिघांना जोडणारे सूत्र सौंदर्यशास्त्राच्या भाषेत मांडायचे तर अडचण येते. मर्ढेकरांनी सौंदर्य हे स्वायत्त मूल्य मानले, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या. श्रद्धावंत ख्रिस्ती वाचक यांपैकी कोठेच पूर्णपणे बसत नाही. सौंदर्य जीवनव्यवहारापासून तुटलेले आहे हे त्याला मान्य करता येत नाही. आणि ते केवळ नीतीचे किंवा बोधाचे साधन आहे असे म्हटले तर बसालेलची रत्ने त्याला समजावून सांगता येत नाहीत, कारण त्यांतल्या पुष्कळशा नक्षीला बोध काहीच नाही.

येथे ‘निर्गम’मधली एक रचना उपयोगी पडते. बसालेलची नेमणूक संपते न संपते तोच, त्याच एकतिसाव्या अध्यायात, शब्बाथाची आज्ञा येते. पस्तिसाव्यात पुन्हा काम सुरू होण्याआधी तीच आज्ञा प्रथम सांगितली जाते. देवासाठी चाललेले कलाकामही सातव्या दिवशी थांबले पाहिजे! माझ्या मते निसर्ग आणि कला यांचा मेळ बायबल तागडीत तोलून घालत नाही. ते दोहोंमध्ये विसावा ठेवते. हात थांबतात तेव्हा फूल दिसते, आणि हातांनी काय केले तेही दिसते. अविरत चालणाऱ्या हाताला दोन्ही दिसत नाही. वासरू घडवले गेले ते मोशेला उशीर झाला म्हणून, वाट पाहवेना म्हणून. ती कला थांबता न आल्यामुळे जन्मली.

असे मानले तर मूळ प्रश्नाचे रूप पालटते. किती निसर्ग आणि किती कला हे विचारण्याआधी, आस्वादाला लागणारा विसावा कोणाजवळ आहे हे विचारावे लागते. ‘शब्बाथ’ पाळण्याची आज्ञा दासदासी, परका आणि जनावर यांनाही धरून आहे. मालकाने विसावावे आणि चाकराने राबावे अशी सोय तिच्यात नाही. रविवारी उपासनेनंतर तुंगारेश्वरच्या रानात सहलीला जाणारा वाचक आणि त्याच्या अंगावरच्या शर्टाचे कापड त्याच वेळी उभ्याने विणणारा माणूस, हे दोघे एकाच आज्ञेच्या कक्षेत आहेत. निसर्गाच्या शुद्धतेत पहिल्याला दुसरा विसरता आला, तर त्याचा तो आनंद कोणत्याही हलक्या नाटकापेक्षा अधिक निर्दोष आहे असे कसे म्हणावे?

भिवंडीची कामवारी पुढे जेथे मिळते ती खाडी वसईला समुद्राला भेटते. त्या टोकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. बागायती, विहिरी आणि शेते बांधकामांच्या रेट्यात जाऊ नयेत म्हणून एक धर्मगुरू रस्त्यावर आला. याच माणसाने ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे संपादित केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४मध्ये ते गेले तेव्हा काहींनी त्यांना पर्यावरणवादी म्हटले, काहींनी साहित्यिक. ही दोन कामे एकाच माणसाने का केली असावीत, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. खाडीच्या वरच्या टोकाला, भिवंडीत, अजून तसे कोणी उभे राहिलेले दिसत नाही. तेथे वाचवायला बागायत कमी आहे. पण बसालेलच्या कुळातली माणसे फार आहेत, आणि त्यांच्या पाळीचे तास कोणत्याही धर्माच्या व्यासपीठावरून सहसा मोजले जात नाहीत.