धाकट्या हातांचा वाटा

मुलांना घरचे, सकस अन्न मिळावे याबद्दल आपल्या घरांत सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो अन्न रांधले जात असताना मूल कुठे असावे या प्रश्नावर. चार-पाच वर्षांच्या मुलाला ओट्याजवळ घेतले, की वीस मिनिटांची भाजी पाऊण तासावर जाते आणि पीठ जमिनीवर सांडते. ज्या घरातील आईला सकाळची विरार लोकल गाठायची असते, तिला याविषयीचा उपदेश टोचल्याशिवाय राहत नाही. म्हणून आधीच सांगावेसे वाटते, की घाईच्या सकाळी मुलाला बाजूला बसवून डबा भरणारी आई कोणाचाही अपराध करीत नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या वेळेचा, रविवारी मिस्साहून परतल्यानंतरच्या निवांत तास-दोन तासांचा.

अख्खे धान्य चांगले, हे आता सर्वांच्या तोंडी आहे. त्यामागचे कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. गव्हाच्या दाण्याला बाहेरून कोंडा असतो, एका टोकाला अंकुर आणि मध्ये पिठूळ गर. मैदा करताना पहिली दोन्ही निघून जातात आणि त्यांच्यासोबत चोथा व ब गटातील जीवनसत्त्वांचा मोठा वाटाही जातो. जावा बेटावरील बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांनी 1890 नंतरच्या काही वर्षांत पाहिले, की पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ दिला की त्या सावरतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ शोधण्याची वाट त्यातून मोकळी झाली आणि 1929 साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आपल्या भाषेत ‘कोंड्याचा मांडा करणे’ म्हणजे दारिद्र्यात कसेबसे निभावणे. त्याच कोंड्यासाठी शहरातील दुकानात आज जास्तीचे पैसे मोजावे लागतात, हे आजीला पटवणे कठीणच! नाचणीचेही तसेच. शंभर ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 10 मिलिग्रॅमच्या आसपास. तरी पाहुणे आले की नाचणीची भाकरी झाकून ठेवणारी घरे आपण पाहिली आहेत.

परंतु मुलांच्या दृष्टीने अख्ख्या अन्नाचा आणखी एक गुण आहे, आणि तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. अशा अन्नात कामे पुष्कळ असतात. वालाच्या शेंगा सोलायच्या, तांदळातले खडे निवडायचे, मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी मोड किती आले ते उघडून पाहायचे. यांतील बहुतेक कामांना ना सुरी लागते ना विस्तव. पाकिटातल्या अन्नाला एकच काम उरलेले असते, कात्रीने कोपरा कापण्याचे. बाकीचे सारे श्रम कोणीतरी, कुठेतरी आधीच उरकलेले असतात आणि ते श्रम करणारी माणसे मुलाला दिसत नाहीत.

मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. खेळण्यांपेक्षा खरी कामे मुलांना अधिक ओढ लावतात, हे त्यांच्या तिथेच ध्यानात आले. तिथली लहान मुले टेबल मांडत, सूप वाढत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे शिक्षण उभारले, तेही परिसरातल्या साध्या वस्तूंच्या आधारावर.

इथे मात्र थबकावे लागते. मुलाला स्वयंपाकघरात आणा, असे सांगताना मुलगी तिथे पिढ्यान्‌पिढ्या होतीच, हे आपण विसरतो. तिला कोणी शिक्षण म्हणून बोलावले नव्हते. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ती चुलीपुढे बसली आणि तिची शाळा सुटली. तिचा भाऊ त्या वेळी वाडीत हुंदडत होता. एकच काम एका मुलासाठी हक्क ठरते आणि दुसऱ्यासाठी ओझे, ते कशामुळे? मला वाटते, फरक काम थांबवता येण्यात आहे. शेंगा सोलता सोलता कंटाळलेले मूल उठून गेले तरी घर उपाशी राहत नाही, तोवर ते काम त्याचे स्वतःचे देणे असते. त्याच्यावाचून जेवण अडणार असेल, तर आपण त्याला राबवीत आहोत, मग त्याला कितीही गोड नाव द्या. आणि मुलगा व मुलगी दोघे पाटावर शेजारी बसलेले नसतील, वडील त्यांच्याबरोबर परातीत पीठ मळत नसतील, तर हा केवळ जुन्या रिवाजाचा नवा अवतार होय.

खाण्याच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी 1980 नंतरच्या दशकात एक सोपी वाटणी सुचवली: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ‘सोललेस ना, आता खाऊन दाखव’ असा सौदा त्यात बसत नाही. स्वतः बांधलेल्या मटकीची उसळ मुलाने बाजूला सारली, तर ती बाजूलाच राहू द्यावी. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढावी. नव्या चवीशी जुळायला मुलाला आठ-दहा खेपा सहज लागतात, आणि आपण बहुधा तिसऱ्या खेपेलाच हात टेकतो.

एक गोष्ट राहिली. मुलाने केलेली कोशिंबीर खारट झाली, तर काय म्हणावे? पुष्कळ आईवडील डोळे मिटून गिळतात आणि ‘छान’ म्हणतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण मूलही तीच कोशिंबीर खात असते. मीठ त्यालाही लागलेले असते. ‘मीठ जास्त पडले, दही घालू या का?’ असे विचारले, तर दह्याचे भांडे आणायला बहुधा तेच उठते.