दाखवू का?

सातवा महिना उलटल्यावर, कधी अगदी दिवस भरल्यावर, बाळाचे ठोके लागेनासे होतात. तरी कळा काढून बाळंत व्हावंच लागतं. बाळंतीण वॉर्डात येते, बाळ येत नाही. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरपुढे मग एक प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर केसपेपरवर कुठेच लिहिलेलं नसतं: आईला ते बाळ दाखवायचं का?

खालचा संवाद मी रचलेला आहे. आत्या आयुष्यभर परळच्या इस्पितळांत परिचारिका होती, आता निवृत्त होऊन लालबागला राहते. भाची प्रसूती विभागात आहे आणि तिला आज रात्री पुन्हा ड्युटीवर जायचं आहे.

भाची : बाळ अजून हॉस्पिटलातच आहे, आत्या. कागद झाले की उद्या सकाळी नवरा घेऊन जाईल. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलंय, "सिस्टर, तिला काही दाखवू नका. पहिलंच आहे, विसरेल." आणि ती मला विचारते, मुलगा होता की मुलगी.

आत्या : काय सांगितलंस?

भाची : मुलगी. तेवढं सांगायलाच हवं ना? मग तिने विचारलं, डोक्यावर केस होते का.

आत्या : म्हणजे बघायलाच मागतेय ती.

भाची : तसं म्हणाली असती तर प्रश्नच नव्हता. केसांचं विचारलं, सासूकडे पाहिलं आणि गप्प झाली. मी आपणहून विचारायचं का? विचारलं आणि ती हो म्हणाली, तर घरच्यांच्या विरोधात जायचं. आणि पुढे तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हललाच नाही तर? मी आठ तासांपुरती. तिला जन्म काढायचाय त्या घरात.

आत्या : आमच्या वेळी विचारायची रीतच नव्हती. बाळ कापडात गुंडाळून मागच्या दाराने न्यायचं, आईला झोपेचं इंजेक्शन द्यायचं. जाग येईपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. आम्ही त्याला दया समजायचो. आणि खोटी नव्हती गं ती दया.

भाची : आम्हाला उलटं शिकवलं. दाखवा, कुशीत द्या, म्हणजे दुःखाला चेहरा मिळतो. मलाही ते पटलं होतं. पण 2002 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये छापलं, की आधीचं बाळ मृत जन्मलेल्या बायका पुन्हा गरोदर राहिल्या तेव्हा ज्यांनी ते बाळ कुशीत घेतलं होतं त्यांच्यात नैराश्य सर्वांत जास्त होतं. ज्यांनी नुसतं पाहिलं त्यांच्यात त्याहून कमी, आणि ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यात सर्वांत कमी.

आत्या : किती बायका होत्या?

भाची : पासष्ट.

आत्या : पासष्टच! आणि कोणी पाहायचं, कोणी नाही, हे चिठ्ठ्या टाकून थोडंच ठरवलेलं? जिचा जीव जास्त गुंतलेला ती कुशीत घेणार आणि पुढे जास्त कोसळणारही तीच. दोष कुशीत घेण्याचा कसा म्हणायचा?

भाची : हेच मलाही वाटलं. 2008 मध्ये खूप मोठी पाहणी झाली, तिच्यात उलटं निघालं. बाळ पाहिलेल्या, घेतलेल्या आयांमध्ये चिंता आणि नैराश्य एकंदरीत कमी. पण त्या स्वतःहून भाग घेतलेल्या बायका. ज्यांना त्या दिवसाचं नावही नको असतं त्या अशा पाहणीत कशाला येतील? म्हणजे दोन्हीकडून मला आज रात्रीपुरतं काहीच मिळत नाही.

आत्या : एक गोष्ट मिळते. सगळ्यांना दाखवा हा नियम चूक, आणि कोणालाच दाखवू नका हाही. दोन्ही नियमांत त्या बाईला कुणी विचारतच नाही.

भाची : विचारणं एवढं सोपं नसतं, आत्या. तिला ताप आहे, टाके दुखतायत, दोन रात्री डोळा लागलेला नाही. अशा बाईला आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रश्न विचारायचा आणि उत्तर तिच्या गळ्यात घालून आपण मोकळं व्हायचं? पुढे पश्चात्ताप झाला तर तोही तिचाच. कधीकधी वाटतं, तुमच्या वेळी निदान ओझं तरी सिस्टर उचलायची.

आत्या : (थोडं थांबून) खरंय. ते ओझं मी उचललंय. पण तू हा प्रश्न एका घासाचा का करतेस? दाखवणं म्हणजे एकदम कापड उघडणं नव्हे. आधी शब्दांनी दाखव. केस होते, काळे, दाट. हात किती लहान होते. मग जे आहे तेही सांग, की बाळ गार लागेल, ओठ काळपट झालेत, कातडी काही ठिकाणी सुटली आहे. ऐकतानाच तिचं तिला कळतं, अजून हवं की पुरे. मग बाळ स्वच्छ पुसून, धुतलेल्या कापडात गुंडाळून आण. तोंड झाकलेलं असू दे. पाऊल हातात घ्यायचंय का, एवढंच विचार. प्रत्येक पायरीला थांबता येतं. आणि आज नाही म्हणाली तर पहाटे पुन्हा विचारता येतं. घाई तिला नाही, आपल्याला असते.

भाची : आणि सासू?

आत्या : तिला शत्रू समजू नकोस. ती अडाणीपणाने बोलत नाहीये. तिच्या काळात बायका न बघताच उठल्या, डब्याला लागल्या, कामावर गेल्या. तिने तेच पाहिलंय.

भाची : उठल्या म्हणजे बऱ्या झाल्या, असं कोण म्हणतं?

आत्या : कोणीच नाही. पण झाल्या नाहीत हे तरी तू कशावरून म्हणतेस? त्यांना कोणी कधी विचारलंच नाही.

इथे मला मध्ये बोलायचं आहे, कारण त्या काळी हे दुःख सोपं होतं का, या प्रश्नाचा जुना पुरावा परळच्या मातीत आहे. नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये इथे उभं राहिलं ते गिरणगावातल्या कामगार बायकांसाठी. त्याच वर्षी परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या रमाबाई आणि बाबासाहेब आंबेडकरांचा मुलगा राजरत्न गेला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार अशीच लहानपणी गेली. राजरत्ननंतर बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेलं पत्र आजही वाचता येतं. ते पुरतं खचलेल्या बापाचं पत्र आहे. घरोघरी मुलं जात होती म्हणून दुःख सोपं झालं होतं, असं ते पत्र वाचून कोणालाही म्हणता येणार नाही. दोन वर्षांनी, 1928 मध्ये, कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने मृत बाळाला जन्म देणाऱ्या आईलाही रजेचा हक्क दिला, आणि 1969 च्या कायद्याने मृतजन्माची नोंद बंधनकारक केली. म्हणजे सरकारदरबारी हे मूल होऊन गेलेलं असतं. ते झालंच नाही असं वागायची सक्ती फक्त त्याच्या आईवर होते. बारसं नाही म्हणून नाव नाही. दिवस-वार पाळायचे नाहीत. माणसं भेटायला येतात आणि तिच्याशी पावसापाण्याचं बोलून जातात. मला ही सक्ती क्रूर वाटते, ती करणाऱ्यांचा हेतू कितीही मायेचा असला तरी.

भाची : बरं, विचारलं, तिने पाहिलं किंवा नाही पाहिलं. पुढे काय? चौथ्या दिवशी ती घरी जाणार. हे दुःख आहे की नैराश्य, हे मी कशावरून ओळखू? पुस्तक सांगतं, दुःख लाटेसारखं येतं-जातं, माणसाची स्वतःबद्दलची किंमत शाबूत राहते. नैराश्यात माणूस स्वतःलाच दोषी, नालायक ठरवतो. पण ही काल म्हणाली, "पोट हललं नाही तेव्हाच यायला हवं होतं. मीच मारलं तिला."

आत्या : इथे पुस्तकाची ती खूण चालत नाही. बाळ तिच्या शरीरात गेलंय, स्वतःला दोष न देणारी आई मी तरी पाहिलेली नाही. पहिल्या आठवड्यात याला आजाराचं नाव द्यायची घाई करू नकोस. झोपायला मिळूनही झोप लागत नाही का, दोन घास पोटात जातात का, बहिणीचा फोन आला तर क्षणभर तरी चेहरा बदलतो का, ते बघ. आणि "तिच्याकडे जावंसं वाटतं" असं म्हणाली तर तोंड फिरवू नकोस. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का?

भाची : बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिनबरा प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का, हाच आहे. विचारल्याने तसं मनात येत नाही, हे शिकलेय मी. तरी जीभ अडते.

आत्या : अडू दे. तरी विचारायचं. आणि हो म्हणून वर "कुणाला सांगू नका" म्हणाली, तर तिला तिथेच सांगायचं, की डॉक्टरांना मी सांगणार आहे. तिच्या पाठीमागे नाही सांगायचं. घरी जाताना 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून दे, आणि तो बहिणीकडेही दे. आणि दूध! तिसऱ्या दिवशी दूध उतरेल, हे तिला कोणी सांगितलंय का?

भाची : नाही. दूध आटवायची गोळी डॉक्टर लिहितील.

आत्या : लिहितीलच असं नाही, तू आठवण कर. आणि गोळी दिली तरी आधी बोल तिच्याशी. बाळ नाही आणि ब्लाउज भिजतोय, त्या वेळी बाई एकटी मोरीत उभी असते. तिथे कोणी सिस्टर नसते. एखादीला ते दूध द्यावंसंही वाटतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून दुधाची पेढी आहे. सुचवायचं नाही, पण तिने विचारलं तर आपल्याला माहीत असावं.

भाची : आणि तिच्या घरी कोण जाणार, आत्या? लसीच्या यादीत बाळाचं नाव नाही. मग आरोग्यसेविका कोणाच्या नावाने त्या घराची कडी वाजवणार?

आत्या : आईच्या. डिस्चार्जच्या कागदावर आईचं नाव घालून हेल्थ पोस्टला कळव, आणि कळवलंस ते वहीत लिही.

भाची : समजा, आज रात्री नाही म्हणाली, पहाटेही नाही म्हणाली. मग?

आत्या : मग नाही. तिचं नाही मोडायचं नाही. मी असते तर गुपचूप पावलाचा ठसा घेऊन लिफाफ्यात ठेवला असता. सहा महिन्यांनी, वर्षाने, परत येऊन मागतात.

भाची : गुपचूप? मग तुमच्या मागच्या दारात आणि या ठशात फरक काय राहिला?

आत्या : फरक हा, की मी काही फेकून देत नाहीये. तिच्यासाठी दार उघडं ठेवतेय.

भाची : तरी ठरवतेयस तूच. ती नाही म्हणते तेव्हा कदाचित ठसाही नको असेल तिला, असा ठसा कुठेतरी आहे हेही नको असेल. नाही, ठशाचंही मी विचारूनच घेईन.

आत्या : आणि तेही नको म्हणाली, आणि वर्षाने दारात येऊन उभी राहिली तर? तेव्हा तुझ्याकडे द्यायला काही नसेल.

भाची : नसेल. तेव्हा तिला सांगेन की मी विचारलं होतं, आणि तिच्या मुलीचे केस कसे होते तेही सांगेन.

आत्या : मला ते पुरेसं वाटत नाही.

भाची : मलाही वाटत नाही. निघते आता, आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायचाय. आधी सासूबाईंना चहाला बाहेर नेते. जे विचारायचं ते त्यांना सांगूनच विचारेन.