यंत्राचे गायन आणि उस्तादांचा नकार

पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील होते, ह्याची आठवण यंत्रनिर्मित संगीताचा चालू वाद ऐकताना आम्हांस वारंवार होते. घराण्याघराण्यांतून जपून ठेवलेल्या शेकडो चिजा मिळवून त्यांनी त्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या. आज कृत्रिम बुद्धीची यंत्रे चालविणारे म्हणतात, आम्ही तरी निराळे काय करतो? आमचे यंत्र पुष्कळ ऐकते, शिकते आणि शिष्याप्रमाणे नवे गाते.

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. ‘सुनो’ ह्या अमेरिकन कंपनीवर मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये फिर्याद केली, तेव्हा इंटरनेटवर हाती लागण्याजोगे, बऱ्या प्रतीचे जवळजवळ सर्व संगीत आपण यंत्रास पुरविले, असे तिने न्यायालयास सांगितले, आणि हा न्याय्य वापरच होय असा बचाव केला. २०२५ मध्ये फिर्यादींपैकी एकीने तिच्याशी समेटही केला. व्यापाऱ्यांचे भांडण व्यापाऱ्यांनी मिटविले. त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही.

कर्ता कोण, हा प्रश्नही आम्हांस दुय्यम वाटतो. आमच्या १९५७ च्या कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती. ‘करविता’ हे पद आजवर आम्ही परमेश्वराकरिता राखून ठेविले होते. ते आता कळ दाबणाराकडे जावे की यंत्र घडविणाराकडे, हे वकिलांनी ठरवावे.

खरा प्रश्न घेण्याच्या रीतीचा आहे. भातखंडे उस्तादांपुढे जाऊन बसत. रामपूरच्या वझीर खाँचे त्यांनी शिष्यत्व पत्करले. सर्वच चिजा राजीखुशीने मिळाल्या असा आमचा दावा नाही. पुष्कळ उस्ताद विद्या देण्यास नाखूष असत, आणि त्यांच्या कृपणपणामुळे किती चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या असतील, ह्या विचाराने आम्हांसही हळहळ वाटते. परंतु मागणारा समोर होता, म्हणूनच त्यांस नाही म्हणता येत होते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग ह्यांच्या आवाजाची यंत्राकरवी होणारी विनासंमती नक्कल अंतरिम आदेशाने थांबविली, ती एका नामवंत गायकाने दार ठोठावले म्हणून. ज्या सारंगियाचे नाव तबकडीवर कधी छापलेच नाही, त्याच्या गजाची ओढ यंत्राने उचलली असेल, तर त्याने कोणाकडे जाऊन नाही म्हणावे?