न आढळणे आणि नसणे

एखाद्या ठिकाणी एखादी वस्तू नाही, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या कोणत्या साधनाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती मात्र त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे सहावे प्रमाण मानतात आणि त्याला योग्यतेची अट घालतात. वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती, अशी स्थिती असेल तरच न आढळण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो; अंधारात घट दिसला नाही, एवढ्याने घट नाही असे ठरत नाही.

या अटीचा कस अतिवृष्टीनंतरच भरणाऱ्या तळ्यांवरील पक्षिनिरीक्षणात लागतो. ऑस्ट्रेलियातील काटी थांडा–लेक आयर हे सुमारे ९,५०० चौरस किलोमीटरचे तळे बहुतेक काळ मिठाचे कोरडे मैदान असते, आणि दूर उत्तरेला पडलेल्या पावसाचे पाणी नद्यांतून तेथवर पोचून ते पूर्ण भरावे, असे १९७४ सारख्या विरळा वर्षीच घडते. अशा खाऱ्या तळ्यांत पाणी आले की चिखलात वर्षानुवर्षे सुप्त राहिलेल्या अंड्यांतून सूक्ष्म कवचधारी जीव बाहेर पडतात आणि त्यांच्यावर जगणारा, छातीवर तांबूस पट्टा असलेला शेकाट्या (महाराष्ट्रातील पाणथळींवरच्या शेकाट्याचा हा भाऊबंद) विणीसाठी हजारोंनी उतरतो. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८१६ मध्ये झाले, पण त्याची वीण युरोपीय वंशाच्या निरीक्षकांना सापडली ती १९३० मध्ये, अशाच तात्पुरत्या तळ्यांवर. शतकाहून दीर्घ अशी ही अनुपलब्धी काहीच सिद्ध करू शकत नव्हती, कारण जेथे पाहणारे होते तेथे वीण नव्हती आणि जेथे वीण होती तेथे पाहणारे नव्हते. तेथील आदिवासींनाही ती ठाऊक नव्हती, असे यावरून म्हणणे हा तोच दोष पुन्हा करणे होय.

तळे आटल्यावर पक्ष्यांचा जो अभाव उरतो, त्याचे स्वरूप हा पुढचा प्रश्न. वस्तू नष्ट झाल्याने येणाऱ्या अभावाला प्रध्वंसाभाव म्हणतात, तर जमिनीवरून उचललेला घट पुन्हा आणून ठेवता येतो, म्हणून त्या मधल्या काळातील अभावाला काही नैयायिक सामयिकाभाव असे वेगळे नाव देतात. इतरांच्या मते तो त्रैकालिक अत्यंताभावच असून घट असेपर्यंत त्याचा जमिनीशी संबंध तेवढा नसतो. हे मत चमत्कारिक वाटले तरी तर्काने सहज खोडता येण्यासारखे नाही. आटलेल्या पाण्याबाबत प्रध्वंस मानता येईल, कारण पुढच्या पुरात येते ते पाणी निराळे असते. पक्षी मात्र नष्ट झालेले नसून अन्यत्र गेलेले असतात. कोरड्या वर्षीच्या पाहणीवरून तेथील पक्षिजीवन संपले असे ठरवणारा त्यांच्या अभावाला प्रध्वंस समजतो, आणि ते वरील दोन्ही मतांत बसत नाही, कारण प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो.