वारस कोण?



आजचं वाचन : यशया 49:14-16

बोरिवलीहून विरार लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत वसई येते. किल्ल्यात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचं संत अंथनीचं चर्च आहे. छप्पर कधीच गेलंय. तिथे खाली बघून चाला, कारण जमिनीत बसवलेले कोरीव दगड म्हणजे कबरी आहेत. काहींवर घराण्याचं चिन्हही आहे. पोर्तुगीज काळातल्या अशा कबरींवर एक ठरावीक मजकूर वारंवार भेटतो : ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची.

म्हणजे पुढच्या पिढ्यांचीही जागा राखून ठेवलेली! पण मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि ती बडी पोर्तुगीज घराणी निघून गेली. वारस परत आलेच नाहीत. आज त्या दगडांवरून आपण फोटो काढत चालतो.

मला हे टोचलं, कारण आमच्या घरीही दगडावरूनच वाद चालू आहे. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. मुंबईत दफनभूमीला जागा अपुरी, त्यामुळे साधी कबर काही काळाने पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. बाबांना कायमची फॅमिली ग्रेव्ह हवी, काकांना कोनाडा पुरेसा वाटतो. बाबा म्हणतात, "नातवंडांनी मेणबत्ती लावायची कुठे?" काका म्हणतात, "ती होती तेव्हा किती वेळा आलास?" आता दोघं बोलतच नाहीत.

नाव कोरून ठेवावंसं वाटणं हा गर्व आहे का? मला तसं नाही वाटत. प्रेमाला टेकायला जागा लागते. म्हणून तर 2 नोव्हेंबरला आपण कबरी धुतो, फुलं वाहतो. पण दगड जागा राखतो, वारस घडवत नाही.

वसईत मागे राहिले ते इथलेच शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती. बहुतेकांच्या नावाचा दगड नाही. तरी प्रार्थना आपल्यापर्यंत आली ती त्यांच्याच तोंडून, आपल्याच भाषेत. मग खरे वारस कोण?

आजच्या वाचनात सियोनेला वाटतं की देव आपल्याला विसरला. देव तिला आपले तळहात दाखवतो. तिथे ती कोरलेली आहे. म्हणजे आजीला देवाच्या आठवणीत राहायला आमच्या संगमरवराची गरज नाही. गरज असलीच तर ती आम्हाला आहे.

आजी रोज संध्याकाळी दोन्ही मुलांना रोझरीला शेजारी बसवायची. तिचा वारसा हाच. कबरीचा निर्णय अजून झालेला नाही, पण काल मी काकांना फोन केला : रविवारी आमच्याकडे रोझरी आहे, या. "बघतो," म्हणाले.

आज तुम्हीही असा एखादा फोन कराल?

प्रभू, आमची नावं तुझ्या हातावर सुरक्षित आहेत. आमचे हात एकमेकांसाठी मोकळे कर. आमेन.