संसारातील संमती

संसारातील ज्या प्रश्नांची आपण हिरिरीने चर्चा करतो त्यांहून न चर्चिलेले प्रश्नच पुष्कळदा अधिक अवघड असतात. पतिपत्नींपैकी एकाच्या मनात स्वतःचा लहानसा उद्योग काढण्याची इच्छा उत्पन्न झाली, आणि तीसाठी लागणारे द्रव्य व स्वास्थ्य दोघांच्या सामाईक शिलकेतूनच काढावे लागणार असले, तर दुसऱ्याचे कर्तव्य काय? 'साथ द्यावी' एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण साथ म्हणजे नेमके काय? डोळे मिटून ठेवलेला विश्वास, की निमूटपणे केलेला त्याग? आणि ज्याला नकार देण्याची सोयच नाही त्याच्या होकाराला संमती हे नाव द्यावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे केवळ तर्काचा म्हणून आलेला नाही. पनवेलनजीक तळोजा येथे आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. रेल्वेच्या पाटीवर अद्याप 'तळोजे पाचनंद' असे जुने नाव वागविणारे हे गाव आता औद्योगिक महामंडळाच्या कारखान्यांनी आणि सिडकोच्या उंच इमारतींनी वेढले गेले आहे. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापुराहून पेंधरपर्यंत मेट्रोही धावू लागली. विद्यार्थी तेथील एका रसायनाच्या कारखान्यात पाळीने काम करतो. घर सोडतीत लागलेले, आणि त्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला पगारातून जातो. आसपासच्या इमारतींतून परगावचे तरुण कामगार एकेका खोलीत चौघे-चौघे राहतात व मिळेल ते खाऊन पाळीला जातात. हे पाहून त्याच्या पत्नीच्या मनाने घेतले, की आपण पोळीभाजीचे डबे सुरू करावेत. तिने एका वहीत सर्व हिशेब मांडला आहे: मोठी शेगडी, डबे, परात, वाणसामान, पोचविणाऱ्या मुलाचा पगार. पतीचे म्हणणेही पोरकटपणाचे नाही. हप्ता थांबत नाही. घर दोन खोल्यांचे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने, स्वयंपाकघरात चाळीस डब्यांची धांदल चालू असता, झोपावे कोठे? भांडवलात ही झोपही धरावयास हवी, आणि वहीत ती धरलेली नव्हती.

"सर, तुम्हीच तिला समजावून सांगा," असे तो म्हणाला. बोलता बोलता असे निघाले, की काही वर्षांपूर्वी त्यानेही एका मित्राच्या भागीत जुना टेम्पो घेतला होता. तो चालला नाही, तोट्यात विकावा लागला, आणि त्यासाठी गहाण पडलेल्या पत्नीच्या पाटल्या सुटल्या नाहीत. ही हकीकत तो मोठ्या कृतज्ञतेने सांगत होता. तिने साथ दिली, असे म्हणाला. पत्नी एवढेच म्हणाली, "ह्यांनी नाही म्हटले तरी चालेल, सर. पण किती बुडाले तर चालेल, हे तेव्हा मला कोणी विचारले नाही, आणि आता मी सांगते आहे तर कोणी ऐकत नाही."

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे असे आम्हांस वाटते. तीच रक्कम, तेच घर, तोच हप्ता. परंतु पतीच्या स्वप्नासाठी ती खर्ची पडली की तिला साथ म्हणावयाचे, आणि पत्नीच्या स्वप्नासाठी पडणार असली की तिला धोका म्हणावयाचे.

महाराष्ट्राला पूज्य असलेले एक उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके १९१२ साली चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर सरस्वतीबाईंचे दागिने त्याच मार्गाने गेले. शिवाय या माउलीने फिल्मच्या कडांना भोके पाडली, ती धुण्याचे काम शिकून घेतले, आणि कंपनीतील साऱ्या माणसांना रांधून वाढले. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला, आणि त्या सर्व त्यागाचे सोने झाले असे आपण मानतो. पण तो चित्रपट पडला असता तर? सरस्वतीबाईंचे कृत्य तेच, दागिने तेच. आपण मात्र फाळक्यांना बेजबाबदार आणि त्यांना बिचारी म्हटले असते. आणि यशानंतरही लक्ष्मी त्या घरी टिकली नाही; १९४४ साली दादासाहेब नाशिकला निवर्तले तेव्हा संपत्ती अशी काही उरली नव्हती. तेव्हा फळावरून त्या होकाराची नैतिक किंमत ठरविता येत नाही. ती ठरावयाची ती होकार देताना सरस्वतीबाईंना काय ठाऊक होते, आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक त्यांना होती की नव्हती, यावरून. त्या नुसत्या सोसणाऱ्या नसून कामातील भागीदार होत्या, हे त्या घराचे वैशिष्ट्य. सर्वच घरांतील दागिन्यांना हे भाग्य लाभत नाही.

येथे कोणी धर्मशास्त्राचा आधार काढील म्हणून त्याचाही विचार करणे प्राप्त आहे. याज्ञवल्क्याने पत्नीचे स्त्रीधन घेऊन ते परत न करण्याची मुभा पतीला दिली आहे. पण ती कोणत्या प्रसंगी? दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. या चारांत व्यापार नाही. म्हणजे पाटल्या विकून टेम्पो घेणारा पती शास्त्रालाही ऋणकोच ठरतो. दुसऱ्या बाजूने कात्यायनाने स्त्रीने कलाकौशल्याने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगितले आहे, आणि आमच्या मते आजच्या सुशिक्षित घरांतही याज्ञवल्क्याचा विसर पडून कात्यायन तेवढा शिल्लक राहिला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या ताब्यातील मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले. पण स्वयंपाकघरातील वहीपर्यंत ते कलम पोचावयास वेळ लागतो.

पतीचा खरा युक्तिवाद निराळाच असतो: पगार निश्चित, धंदा अनिश्चित. हा युक्तिवाद आम्हां अध्यापकवर्गाला फार मानवतो, कारण पहिल्या तारखेवाचून दुसरे पंचांग आम्हांस ठाऊक नाही. तथापि मुंबईच्या गिरणगावाने या निश्चितीची परीक्षा पाहिली आहे. तेथे कोकणातून व घाटावरून आलेल्या, कुटुंब गावी ठेवून राहणाऱ्या कामगारांना बायका खानावळी चालवून जेवू घालीत. भांडवल सावकाराचे, व्याज मोडून टाकणारे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडविली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार, जो त्या घरांतून एकमेव भरवशाचा मानला जात होता, तोच बंद पडला, आणि कित्येकांचा तो पुन्हा सुरू झालाच नाही. खानावळींनाही त्याची झळ पोचली, कारण जेवणारेच गावी परतले. हे आम्ही धंद्याच्या स्तुतीसाठी सांगत नाही. एकाचे उत्पन्न म्हणजे भिंत आणि दुसऱ्याचे म्हणजे वारा, ही विभागणी वस्तुस्थितीला धरून नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

मग दुसऱ्याने द्यावयाचे ते काय? आमच्या मते त्याने स्वप्नावर श्रद्धा ठेवलीच पाहिजे असे मुळीच नाही. ज्याला डब्यांचा धंदा चालेल असे वाटत नाही त्याने वाटते असे सोंग आणू नये. ते सोंग पहिल्याच तोट्याच्या महिन्यात उतरते. उलट, धंदा बुडणार नाही अशी हमी मागण्याचाही त्याला अधिकार नाही, कारण अशी हमी त्याच्या कारखान्याने त्यालाही दिलेली नाही. त्याने मागावा तो आकडा. अमुक रक्कम, अमुक महिने, आणि त्यापुढे थांबावयाचे. स्वप्न पाहणाऱ्याचे पहिले ऋण हा आकडा खरा सांगणे हे होय. आज मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळू शकते. परंतु तारण नाही म्हणजे देणे नाही असा समज करून घेऊन कर्ज घरात लपवून ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्या लपवाछपवीने संसाराचे जे नुकसान होते ते रकमेहून किती तरी मोठे असते.

सामाईक द्रव्याच्या बाबतीत, आकडा ऐकल्यावरही दुसऱ्याने 'नाही' म्हटले, तर ते मानलेच पाहिजे. निदान काही काळ थांबले पाहिजे. पण द्रव्य जेथे एकट्याचे आहे, पत्नीच्या माहेरचे किंवा तिच्या कमाईचे आहे, तेथे पतीला सल्ल्यापलीकडे अधिकार नाही, आणि याच न्यायाने टेम्पोच्या वेळी पाटल्यांविषयी तिचा शब्द अखेरचा असावयास हवा होता.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यात असे ६ वे कलम आहे, की विवाहित पुरुषाने बायकोमुलांच्या हितासाठी म्हणून स्पष्ट लिहून स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी होते आणि त्याच्या सावकारांस तिला हात लावता येत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हे संरक्षण हिंदू कुटुंबांनाही निःसंशय लागू झाले. फाळक्यांची पॉलिसी त्याआधीची. कर्ज काढणारा पुरुषच असावयाचा, हे या जुन्या कलमाने गृहीत धरले आहे, एवढा दोष त्यात आहेच. तरी ते अद्याप चालू आहे, आणि फार थोड्या घरांना ठाऊक आहे. मात्र अशी नोंद विमा उतरवितानाच करावी लागते, जुन्या पॉलिसीवर मागाहून करता येत नाही. तेव्हा ज्या पतीच्या मनात दुकानाचा विचार घोळतो आहे त्याने पाटी रंगवावयास देण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे.