रिकामा वेळ आणि उगारलेला हात

पुण्यात अल्पवयीन मुलांनी कोयते नाचवल्याची बातमी आली की पुढचे आठ दिवस काय बोललं जाणार, हे आता पाठ झालं आहे. कायद्यातलं वय खाली आणा, मोबाइल काढून घ्या, संस्कारवर्ग भरवा. पहिल्या दोन सूचनांतून बोलणाऱ्याचा राग तेवढा कळतो. तिसरी करणाऱ्याची तेरा वर्षांच्या मुलाशी अलीकडे गाठ पडलेली नसावी. चौथी सूचना मात्र शहाणी वाटते, आणि म्हणूनच तिच्याशी भांडायला हवं. शाळा सुटल्यावर सहावी ते आठवीच्या मुलांना अभ्यासिकेत गुंतवून ठेवा, दिवेलागणीपर्यंत ती कुणाच्या तरी नजरेखाली राहू द्यात; अभ्यासही होईल आणि मारामाऱ्याही थांबतील.

संध्याकाळी पोरांना एकत्र आणण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तालमी होत्या, शाखा होत्या, 1941पासून सेवा दल होतं. त्यांचे एकमेकांशी कितीही वाद असोत, रिकामा वेळ भरणं हा त्यांतल्या कुणाचाच हेतू नव्हता. त्या सगळ्यांना माणूस घडवायचा होता. कोणता, हे भांडण वेगळं. वेळ भरण्याचा सिद्धांत खऱ्या अर्थाने फोफावला तो अमेरिकेत. तिथल्या केंद्र सरकारची शाळेनंतरच्या वर्गांची योजना 1998मध्ये चार कोटी डॉलरची होती, ती 2002पर्यंत सुमारे शंभर कोटींवर गेली. पुढच्याच वर्षी तिला कात्री लागणार म्हटल्यावर सिनेटच्या समितीपुढे तिची बाजू मांडायला खुद्द अर्नोल्ड श्वार्झनेगर आले होते.

या युक्तिवादाचा कणा एकच आहे. अमेरिकेत शाळा असते त्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटताच, सर्वाधिक होतात. पालक कामावर, मूल मोकळं, म्हणून गुन्हा. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा. कारण सुट्टीच्या दिवशी हेच मूल सकाळपासून मोकळं असतं, आणि त्या दिवशी तीनचा तो उंचवटा नाहीसा होतो. गुन्हे रात्रीकडे सरकतात. रिकामपणच हिंसेला जन्म देत असेल, तर रविवारची दुपार सर्वांत भयंकर ठरायला हवी होती.

ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2003मध्ये हे नीट तपासलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणामुळे शाळा बंद राहिलेल्या दिवसांची त्यांनी शाळा भरलेल्या दिवसांशी तुलना केली. शाळा भरलेल्या दिवशी अल्पवयीनांच्या चोऱ्या आणि मालमत्तेचे गुन्हे 14 टक्क्यांनी कमी होते, हिंसक गुन्हे मात्र 28 टक्क्यांनी जास्त. चोरीला मोकळा वेळ लागतो. मारामारीला दुसरा मुलगा लागतो, आणि शाळा तोच पुरवते. तासाला झालेला अपमान गेटबाहेर फेडला जातो.

यावर गुंतवून ठेवणारे म्हणतात, ‘म्हणूनच तर देखरेख हवी!’ तीही करून झाली. मॅथेमॅटिका या संस्थेने त्याच अमेरिकी योजनेचं मूल्यमापन केलं. माध्यमिक वयातल्या मुलांची अभ्यासातली प्रगती किरकोळ निघाली, आणि शाळेनंतर त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागलं, असंही दिसलं नाही. मुलं पुरेशी आलीच नाहीत, असा बचाव झाला. तो मला बचावापेक्षा कबुलीजबाब वाटतो: तेरा वर्षांच्या पोराला आपल्याला नुसतं राखलं जात आहे हे कळतं, आणि ते येईनासं होतं.

त्याच देशात, शिकागोत, ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा एक उपक्रम आहे. आठवड्यातून एक तास, तोही बहुधा शाळेच्याच वेळेत. पहिल्या प्रयोगात सातवी ते दहावीची मुलं होती. त्यांचा एक खेळ प्रसिद्ध आहे. दोघांच्या जोडीत एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव. पोरं बोटं पिरगाळतात, झोंबाझोंबी करतात. मग समुपदेशक विचारतो, मागितला का नाहीस? पोरं म्हणतात, त्याने दिला नसता, वर मलाच भित्रा समजला असता. मग चेंडूवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता, साधा चेंडू तर आहे. संध्याकाळ कुठे घालवावी हे तिथे कुणी शिकवत नाही. हात उगारण्याआधीच्या दोन सेकंदांत काय होतं, एवढंच दाखवतात. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. उपक्रम संपल्यावर हा परिणाम टिकला नाही, हेही सांगायला हवं. शिकागो म्हणजे पुणे नव्हे, हेही. तरीही तासांचा हिशेब मांडणाऱ्यांपेक्षा सेकंदांकडे पाहणाऱ्यांना प्रश्न अधिक कळला आहे, असंच मी म्हणेन.

अभ्यासाचं गणित याच्या उलट आहे. तिथे तास लागतातच. शिकागोतच नववी-दहावीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी दोघांमागे एक शिक्षक देऊन रोज एक तास शिकवलं, तेव्हा गणित सुधारलं. एक काम रोजच्या सरावाचं, दुसरं एका क्षणाचं. दोन्ही एकाच हजेरीपटावर मांडली की अभ्यासिकेत किती मुलं किती तास बसली यावरून शहर किती शांत झालं ते ठरवायचं, असा विनोद घडतो.

तो क्षण आपल्याकडे कुठे येतो ते पाहा. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत दुपारी सकाळची मुलं बाहेर पडत असतात आणि दुपारची आत शिरत असतात. सगळे जुने हिशेब त्या गर्दीत समोरासमोर येतात. तिथे उभा राहणारा, कुणाचं कालपासून कुणाशी वाजलं आहे हे ठाऊक असलेला मोठा माणूस अभ्यासिकेच्या प्रस्तावात नसतो. प्रस्तावात खोली, बाकं, पंखे असतात, वेळ संध्याकाळची असते, आणि माणूस असलाच तर अकरा महिन्यांच्या करारावर, म्हणजे पोरं त्याला सांगू लागेपर्यंत बदलणारा.